बाबांनी माझं ऐकलं तो तास

मला आमच्या वहिनीचा हेवा वाटायचा. हे आधीच लिहून टाकते, म्हणजे पुढं वाचता वाचता कुणाला माझ्याबद्दल बरं वाटायला लागलं तर त्यानं मागं येऊन ही ओळ परत वाचावी. पत्रकं लिहून हात तयार झालेल्या माणसाला एक खोड लागते. दोष कुणाचा ते पहिल्याच ओळीत ठरलेलं असतं आणि तो कधीच आपला नसतो. कंपनीचा, दुकानदाराचा, सरकारचा. हे प्रकरण लिहायला बसले तेव्हा पहिली दोन पानं तशीच उतरली, एकदम जोरदार. ती फाडली आणि मग ही वरची ओळ लिहिली.

वहिनी म्हणजे रेखा, माझ्या थोरल्या भावाची बायको. माहेर सोनाळ्याचं. आमचं गाव वरवट बकालपासून मोटारसायकलीवर पंधरा-वीस मिनिटं. ती आमच्याकडे आली तेव्हा मी बारावीला होते, आणि तोवर बाबांच्या गाडीवर मागं बसून वावरात जाणारी मी एकटी होते. बाबा फार बोलणारे नव्हते. बोललेच तर गाडी चालवताना, समोर बघून, आणि ते ऐकायला मागं मी असायचे. वहिनी आली आणि महिन्याभरात त्या सीटवर ती बसायला लागली, कारण तिला वावरातलं कळायचं. पऱ्हाटीचं, म्हणजे कपाशीचं, पान उलटं करून ती अळी कुठली ते सांगायची. दादा दिवसभर मालाची गाडी घेऊन खामगावला असायचा, आई निंदणाला, आणि मी कॉलेजात. संध्याकाळी घरी यावं तर ओसरीत बाबा आणि वहिनी शेंगा सोलत बसलेले, काहीतरी हसणं चाललेलं, आणि मी आले की हसणं थांबायचं. ती त्यांना 'मामाजी' म्हणायची आणि ते 'काय वं माय' म्हणायचे. मला ते जन्मात 'माय' म्हणाले नव्हते. मला सुनी या माझ्या नावानं 'सुने' म्हणत, आणि तेही बहुतेक वेळा 'सुने, तो लाइट बंद कर' एवढंच.

कॉलेजच्या पहिल्या वर्षाला मी एका मंडळात गेले. फवारणी करणाऱ्या माणसांना विषबाधा होते, त्यावर ते काम करायचे. माझं पहिलं पत्रक त्यांनी पिवळ्या कागदावर छापलं, वर ठळक मथळा: 'फवारणी की मरणी?' तो मथळा माझा. खाली लक्षणं: घाम, मळमळ, चक्कर, तोंडाला लाळ, डोळ्यांच्या बाहुल्या टाचणीएवढ्या बारीक. मग काय करायचं: अंगावरचे कपडे काढा, साबण लावून भरपूर पाण्यानं आंघोळ घाला, लगेच दवाखाना गाठा. शेवटी चौकटीत, विषारी औषधाऐवजी निंबोळी अर्क घरी कसा करावा. मी ते आठवडी बाजारात वाटलं, बस स्टँडवर वाटलं, उंद्रीपर्यंत जाऊन वाटलं. घरात बाबांच्या हातात दिलं तर त्यांनी ते लांब धरून मथळा वाचला आणि म्हणाले, "हे किडे वाचतात काय?" वहिनी तोंडाला पदर लावून हसली. त्या कागदावर नंतर मी बाबांची तंबाखू मळलेली पाहिली. आठ दिवस मी बाबांशी बोलले नाही. त्यांच्या ते लक्षातही आलं नाही, हे जास्त लागलं.

त्या पावसाळ्यात एकदा जेवायला बसलो. आंबाडीची भाजी, वर लसणाची फोडणी, आणि वहिनीच्या हातच्या ज्वारीच्या भाकरी. आईच्या भाकरीचा आवाज वेगळा, दोन हातांत सावकाश थापलेला. वहिनीच्या बांगड्या आणि थापणं दोन्ही एकदम वाजायचं, घाईचं. पहिला घास घेतला आणि कडू लागला. भाजी नाही, भाकर. मी म्हटलं, "भाकर कडू हाये." आई म्हणाली, "तुहं तोंडच कडू हाये." पण मी बघितलं की बाबांनी वहिनीकडे बघितलं, वहिनीनं बाबांकडे, आणि दोघं ताटात मान घालून हसले. वहिनीनं आपला हात नाकाशी नेऊन हुंगला आणि पदराला पुसला. काहीतरी होतं ज्यात ते दोघं होते आणि मी नव्हते. ती कडू भाकर मी शेवटपर्यंत खाल्ली, आणि रात्रभर नाही पण बराच वेळ ठरवत राहिले की लग्न करून या घरातून निघून गेले तरी कुणाचं काही अडणार नाही.

आणि मग तो दिवस. सकाळचे दहा वाजून गेले असतील, आभाळ उघडं, ऊन चांगलंच. त्या दिवशी मला कॉलेज नव्हतं. बाबा वावरातून पाठीवर बॅटरीचा पंप घेऊन चालत आले आणि दारातच बसले. पंप उतरवायची ताकद नव्हती, तो पट्ट्यासकट ओढत होते. कपाळावरून घामाच्या धारा. शर्ट असा भिजलेला की जसं कुणी बादली ओतली. म्हणाले, "कसंतरीच होऊन राह्यलं. मळमळते." मी पंप बघितला, घाम बघितला, आणि माझ्या डोक्यात पत्रक उघडलं. घाम, मळमळ, चक्कर. एकेक ओळ समोर बसलेली. मी ओरडले, "औषध लागलं! बाबांना औषध लागलं!" आमच्याकडे फवारायच्या विषाला औषधच म्हणतात. बाहेरच्या माणसाला हे विचित्र वाटतं. आम्हाला नाही वाटत.

वहिनी गोठ्यातून धावत आली. बाबांच्या समोर बसली, त्यांचा हात हातात घेतला आणि विचारलं, "मामाजी, छाती दुखते काय?" बाबा म्हणाले, "आवळल्यासारखी. हा हात जड झाला." डावा हात. त्यांनी जबडाही चोळला, दाढ दुखावी तसा.

"ताई, फवारा नोय हा," वहिनी मला म्हणाली. "पंपात निंबोळी होती."

"कशाची निंबोळी?"

"मीच कांडली परवा. तुमच्या कागदावर लिहेल हाये तशीच. भिजू घातली, फडक्यानं गाळली. दोन फवारण्या झाल्या, मामाजी निंबोळीच मारून राह्यले. गाडी सांगा पयले. माह्या काकाले असंच झालं होतं, तो हातच धरून बसला होता."

मला ऐकू आलं. कानात नीट गेलं, शब्दन् शब्द. कडू भाकरीचं कोडं त्याच क्षणी सुटलं. आणि जे मनात उसळलं ते बाबांबद्दलचं भय नव्हतं. मी त्यांच्या हातात पत्रक दिलं तेव्हा ते हसले, त्यावर तंबाखू मळली, आणि तेच पत्रक हिच्या तोंडून ऐकलं आणि केलं. माझ्यापासून लपवून केलं. हे खरं असण्यापेक्षा ती खोटं बोलत असलेली मला परवडत होती. मी म्हटलं, "तुला काय कळतं? फवाऱ्याचं मला विचार. आधी आंघोळ. पत्रकात लिहिलंय."

"ताई, बाहुल्या पाहा ना." तिनं बाबांची पापणी बोटानं वर केली. "बारीक झाल्या काय? लाळही नाही. तुमच्याच कागदावर हाये."

म्हणजे तिनं पूर्ण वाचलं होतं. आमच्या घरात एका माणसानं माझं पत्रक पहिल्या ओळीपासून शेवटच्यापर्यंत वाचलं होतं, आणि ती ही निघाली. मी बाहुल्यांकडे पाहिलंच नाही. मी बाबांच्या शर्टाची बटणं काढायला लागले. वहिनीनं माझा हात धरला. आम्ही दोघी तशा दोन बाजूंनी त्यांना धरून, आणि बाबांनी डोळे मिटलेल्या अवस्थेत निवाडा केला. "करू दे तिले, रेखा. शिकेल हाये ते."

बाबांनी माझं ऐकलं. आयुष्यात पहिल्यांदा, तिच्यासमोर, तिचं सोडून माझं. आणि मला आनंद झाला. हे मी कुठल्याही सभेत बोललेले नाही. बाप समोर घामानं निथळत होता आणि माझ्या पोटात काहीतरी गोड पसरलं.

आता मला ठाऊक आहे त्या वेळी आत काय चाललं होतं. म्हणून तो तास दोन्हीकडून लिहिते, न्हाणीतून आणि बाबांच्या छातीतून. हृदयाच्या स्नायूची पेशी ही जन्मापासून एक दिवस सुटी न घेतलेली मजूर आहे. तिला प्राणवायू लागतो तो रोख, ठोक्याच्या ठोक्याला. साठा करायला तिच्याकडे कणगी नाही. बाबांच्या हृदयाला रक्त पुरवणाऱ्या एका नळीत गुठळी अडकली होती. नळीच्या पुढच्या सगळ्या पेशींचा दम कोंडला. अशा वेळी त्या पहिल्या मिनिटातच आखडायचं काम थांबवतात. मेल्या म्हणून नाही. उरलेलं इंधन जीव धरायला पुरावं म्हणून. आमच्या भाषेत याला संप म्हणतात आणि मजुराला तो अधिकार आहे. मी बाबांना धरून न्हाणीत नेलं, पाटावर बसवलं आणि पहिली बादली ओतली.

संपावर गेलेली पेशी प्राणवायूवाचून थोडी साखर जाळते आणि तग धरते, पण त्यातून आम्ल साचत जातं. छाती आवळते ती अशाच साचलेल्या गोष्टींनी. मी साबण लावत होते, केसांना, मानेला, बगलेत, नखांच्या कडेला. पत्रकात 'नखांच्या कडा विसरू नका' असं मीच लिहिलं होतं. पेशीच्या कुंपणावर बारीक पंप असतात, मीठ बाहेर फेकणारे. इंधन संपलं की ते बंद पडतात. मग मीठ आत शिरतं, मागोमाग पाणी शिरतं, आणि पेशी फुगते. मी दुसरी बादली ओतली. वीसेक मिनिटांच्या आत रक्त परत आलं तर बहुतेक पेशी पुन्हा उभ्या राहतात. त्यापुढं मरण सुरू होतं, हृदयाच्या अगदी आतल्या थरापासून, आणि बाहेरच्या बाजूला सरकत जातं, तासामागून तास. कुंपण फाटतं, आतला माल रक्तात सांडतो. दवाखान्यात रक्त तपासून 'अटॅक आला' म्हणतात ते या सांडलेल्या मालावरून. मी बाबांना कोरडं केलं, धुतलेला पायजमा घातला, लिंबू-पाणी पाजलं. ते सगळं उलटून पडलं. मी परत तोंड धुतलं, परत कपडे बदलले. मी फार नीट काम केलं.

बाहेर हॉर्न वाजला. वहिनी केव्हा घरातून गेली ते मला कळलं नव्हतं. चपला न घालता ती चौकापर्यंत गेली होती आणि भाड्याची जीप घेऊन आली होती. तिनं मला विचारलं नाही. बाबांच्या काखेत हात घातला आणि जीपवाल्याला म्हणाली, "उचल रे भाऊ."

वरवटला ज्या डॉक्टरांकडे गेलो त्यांना मी पायरीवरूनच सांगितलं, "औषध लागलं." त्यांनी विचारलं, "लागलं की घेतलं?" आमच्याकडे डॉक्टरला हे विचारावंच लागतं. लागलं म्हणजे फवारताना, घेतलं म्हणजे जाणूनबुजून प्यायलं. मी भडकले. मास्क नाहीत, हातमोजे नाहीत, कंपन्या माणसं मारतात आणि वर तुम्ही असं विचारता, असं माझं सुरू झालं. माझ्या खांद्याआडून वहिनी म्हणाली, "डॉक्टर, पंपात निंबोळी होती. छाती आवळून राह्यली त्यायची. डावा हात जड हाये." डॉक्टरांनी तोवर डोळ्यात बॅटरी मारून बघितलं होतं. त्यांनी माझ्याकडे पाहिलंही नाही. बाबांच्या छातीवर ईसीजीच्या वायरी चिकटवल्या, पट्टी निघाली, ती हातात घेऊन त्यांनी बाबांना गोळ्या चावून खायला लावल्या आणि अकोल्याला फोन लावला. फोन कानाला असतानाच विचारलं, "केव्हापासून?"

मी म्हटलं, "अर्धा तास."

वहिनी हळू आवाजात म्हणाली, "दीड तास झाला डॉक्टर."

अकोल्याच्या दवाखान्यात त्यांची नळी उघडली, आत जाळी बसवली. बाबा वाचले. दुसऱ्या दिवशी तिथल्या डॉक्टरबाईंनी सोनोग्राफीच्या पडद्यावर त्यांचं हृदय दाखवलं. करडं, धडधडणारं, आणि एका बाजूला भिंतीचा एक तुकडा नुसता सोबत ओढला जाणारा. "हा भाग आखडत नाही," त्या म्हणाल्या. मी विचारलं, परत आखडेल का. "काही पेशी बधिर झाल्यात, त्या काही आठवड्यांत जाग्या होतील. मेल्या त्या मेल्या. तिथं वण धरतो. वण भिंत धरून ठेवतो, काम करत नाही." मग मी विचारलं, "एक तास आधी आलो असतो तर?" त्यांनी मशीन पुसायला घेतलं. "लवकर आलेलं केव्हाही चांगलंच," एवढंच म्हणाल्या. त्यांनी शिवी दिली असती तर बरं झालं असतं.

बाबांना वॉर्डात आणल्यावर मी त्यांना हे समजावून सांगायला बसले. पेशी, प्राणवायू, आम्ल, वण. ते छताकडे बघत होते. वहिनी उशाशी सफरचंद कापत होती. ती म्हणाली, "मामाजी, वावरात पाणी साचलं की पऱ्हाटी उमळते ना, तसं. पाणी मुळायले दम घेऊ देत नाही. पान मान टाकते. पाण्याचा निचरा केला की काही झाडं उठतात, काही नाही उठत." बाबांनी मान हलवली. "हाव. अन् निचरा झाल्यावर ऊन कडक पडलं का त्यातलेही काही जातात." मला डॉक्टरबाईंनी नंतर सांगितलं की हेही खरं आहे, रक्त अचानक परत येतं तेव्हा त्याच्या लोंढ्यानंही काही पेशी मरतात. पण त्या वेळी मी एवढंच बघितलं की मी अर्धा तास बोलले आणि तिनं तीन वाक्यांत संपवलं. बापाच्या खाटेशी बसूनसुद्धा मी जळले.

पुढच्या वर्षी मंडळानं हृदयविकारावर पत्रक काढलं. लिहिलं मी. त्यातली पऱ्हाटी उमळण्याची ओळ जिल्हाभर गाजली. बायका सभेत ती पाठ म्हणून दाखवायच्या, आणि मला विचारायच्या, तुम्हाला हे सुचतं कसं. मी म्हणायचे, शेतकऱ्याची पोर आहे. पत्रकावर वहिनीचं नाव नाही. खोटं कुठं बोललं, कसं बोललं, ते मी कंपन्यांना शोधून शोधून विचारते. हे मला कुणी विचारलं नाही.

आणि बाबा. घरी आल्यापासून त्यांना नवी सवय लागली. कुणी भेटायला आलं, पाहुणा, शेजारी, पारावरचा माणूस, की ते सांगायचे: "माह्या सुनीनं ओळखलं. तिनंच जीप आणली, तिनंच दवाखान्यात नेलं. शिकेल पोरगी असली का असं असते." मी तिथंच असायचे. वहिनी चहाचा ट्रे घेऊन उभी असायची. पहिल्या वेळी मी तोंड उघडलं, आणि बंद केलं. दुसऱ्या वेळी उघडलं नाही. नंतर नंतर मला ते ऐकायला आवडायला लागलं. बाबा माझ्याबद्दल इतकं लांब वाक्य आधी कधी बोलले नव्हते. पंप आता दादा उचलतो. बाबा वावराच्या बांधापर्यंत जातात, तिथं टेकतात, दम घेतात, आणि लांबूनच पिकाच्या ओळींकडे बघून परत येतात. जिना चढायचा असला की खाली उभे राहून आधी जिन्याकडे बघतात. दर वेळी ते असे थांबले की मी मनात बादल्या मोजते.

सात वर्षांनी, गेल्या हिवाळ्यात, मी सुटीत घरी होते. ओसरीत बाबा, वहिनी आणि मी तुरीच्या शेंगा सोलत होतो. शेजारचा एक तरुण मास्तर नव्यानं गावात आला होता, तो चहा पिऊन नुकताच उठून गेला होता. बाबांनी त्यालाही सगळं सांगितलं होतं, जीपसकट. मला काय झालं माहीत नाही. मी म्हटलं, "बाबा, जीप वहिनीनं आणली होती. ओळखलंही तिनंच. मी तुम्हाला न्हाणीत बसवून तास घालवला. ती सांगत होती आणि मी ऐकलं नाही. मला राग होता तिचा."

बाबांनी हातातली शेंग सोलून पूर्ण केली, दाणे टोपलीत टाकले. "मले माहीत हाये," ते म्हणाले. "मी काय बेहोश होतो? छाती दुखत होती, कान नोते दुखत."

"मग लोकायले तसं काऊन सांगता?"

"तुह्यासमोरच सांगतो ना? तू नसली का नाही सांगत." त्यांनी पुढची शेंग घेतली. "म्हटलं, कधी बोलते ते पाहू."

मी वहिनीकडे बघितलं. तिला आश्चर्य वाटलेलं नव्हतं. ती खाली बघून सोलत होती, आणि ओठाच्या कोपऱ्यात ते हसू होतं, आंबाडीच्या भाजीच्या दिवसापासूनचं. "मी म्हणत होती मामाजीले," ती म्हणाली, "दहा वर्षं लागतील. मामाजी म्हणे, पाच."

म्हणजे हेही त्या दोघांचं होतं. सात वर्षं, प्रत्येक पाहुण्यागणिक, प्रत्येक चहागणिक, ते दोघं माझ्याकडे बघत होते आणि मी बाहेर होते. पोटात तीच जुनी आग उठली, इतकी ओळखीची की मला हसू आलं. तेवढ्यात बाबांना खोकला आला, दम लागला. ते भिंतीला टेकले आणि हात वर करून आम्हा दोघींनाही गप्प बसायला सांगितलं. त्यांचा श्वास खाली बसेपर्यंत आम्ही हातातल्या शेंगा तशाच धरून बसलो.